सत्तावन्न घरांचा डेटाबेस

सत्तावन्न ओळींची एक यादी जपून ठेवायची, एवढंच काम होतं. त्यासाठी मी आठ दिवसांत एक लॅपटॉप, एक शेजारी आणि सत्तावीस वर्षांची अब्रू पणाला लावली. यादी कसली होती ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की हा माणूस रिटायर झाल्यावर वेळ जात नाही म्हणून उद्योग शोधत होता. ते खरं आहे, पण या प्रकरणापुरतं नाही.

आमचं गाव बांदेखोल, मालवणच्या आत. गावात सत्तावन्न घरं आणि सत्तावन्नच्या सत्तावन्न पुजारे. शिमग्यात देवाची पालखी सगळीकडे फिरते, पण दुपारच्या विसाव्याला ती वर्षाला एकाच घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसते. तो मान पाळीपाळीने फिरतो. म्हणजे एकदा पालखी बसली की त्या घराला पुढची सत्तावन्न वर्षं थांबायचं. आमच्याकडे लोक कोणाच्या वयाची चौकशी करताना, "त्येच्या हयातीत पालखी बसली काय?" असं विचारतात.

ही पाळीची यादी कोण ठेवतं? तर 'ग्रामविकास मंडळ, बांदेखोल (मुंबई)'. गाव तिकडे, यादी इकडे, कांदिवलीत. आणि कांदिवलीत म्हणजे १९९८ पासून माझ्या घरी. अंधेरीच्या एका कंपनीत मी स्टोअरला होतो. तिथे डेस्कटॉपवरचा डेटाबेस चालवायला शिकलो. कंपनीने एक कॉम्प्युटर मोडीत काढला, तो मी घरी आणला आणि मंडळाच्या जुन्या वहीतली यादी त्यात चढवली. तेव्हा मराठी टायपिंग कोणाला येत होतं? नावं इंग्रजी अक्षरांत घातली. यादी इतकी नीटनेटकी दिसू लागली की मी स्वतःच तिच्याकडे दहा मिनिटं बघत बसलो. प्रत्येक घराला आपापल्या सालाची चिठ्ठी छापून दिली. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष महादेवकाका पुजारे यांनी भर सभेत माझ्या अंगावर शाल घातली आणि नारळ दिला. वाळवी लागलेली वही दुसऱ्या दिवशी रद्दीत गेली. ती मीच दिली, हेही सांगून टाकतो, कारण पुढे ते निघणारच आहे.

तेव्हापासून यादी बिनबोभाट चालली होती. मधे एक चमत्कारही झाला. २०११ पासून ओळीने आठ वर्षं पालखी धोंडू नावाच्या माणसांच्याच घरी बसली. आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळे धोंडू आणि लवू यांचा गावात सुकाळ आहे, पण ओळीने आठ? लोक म्हणाले, देवाची इच्छा. त्यानंतर २०२२ पासून ओळीने चार लवू. त्यातला २०२४चा लवू मी. खळ्यात पालखी बसली तेव्हा मी रडलो होतो.

या जानेवारीत तो कॉम्प्युटर गेला. धूर आला, वास आला आणि प्रेमाने, म्हणजे माझ्या बायकोने, मेन स्विच बंद केला. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने त्याच्या पोटातून फाईल तेवढी काढून पेनड्राइव्हवर दिली. मुलीने दिवाळीत दिलेल्या लॅपटॉपवर मी ती उघडायला गेलो, तर लॅपटॉप म्हणाला, या प्रकारची फाईल आता चालत नाही. मी त्याला पाच वेळा विचारलं. पाचही वेळा त्याने तेच सांगितलं, आणि तेही न चिडता, याचा मला जास्त राग आला.

त्याच संध्याकाळी शांताबाई आल्या. शांताबाई म्हणजे त्याच महादेवकाकांच्या पत्नी, आम्ही काकी म्हणतो. काका जाऊन अठरा वर्षं झाली. वय अठ्ठ्याहत्तर, लालजी पाड्यात नातवाकडे राहतात. तीन जिने चढून आल्या आणि पिशवीतून एक चिठ्ठी काढली. मीच १९९८ साली छापलेली, त्यांनी प्लास्टिकात बंद करून आणलेली. 'महादेव धोंडू पुजारे – सन २०२६'.

"लवू, औंदा आमची पाळी ना रे?" त्या म्हणाल्या. "कौला बदलून घेतलंय. खळा सारवूक बाई सांगलंय. फकस्त तुझ्या मशनीत बघून सांग, म्हणजे माझो जीव थाऱ्यार पडात."

त्यांच्या सासूच्या लग्नाच्या साली त्या खळ्यात पालखी बसली होती. काकी सून म्हणून आल्या तेव्हापासून ती गोष्ट ऐकत होत्या, बघितली कधीच नव्हती. मी म्हटलं, "काकी, बिनधास्त राहा. सगळं मशीनमध्ये आहे." खोटं बोललो नाही. सगळं मशीनमध्येच होतं.

मंडळाची सभा पुढच्या रविवारी होती. मी वरच्या मजल्यावरच्या प्रीतमकडे गेलो. तो मालाडला मोठ्या आयटी कंपनीत आहे आणि बनियनवर मीटिंग करतो.

"काका, डेस्कटॉप डेटाबेसची वाट लागली कधीच," तो म्हणाला. "ज्या कंपनीने हे बनवलं तिनेच बंद केलंय. क्लाउडवर टाका ना!"

"क्लाउड म्हणजे नक्की कुठे?"

"तुमचा सिंगापूरला पडेल."

आमच्या देवाने सिंगापूरमार्गे बांदेखोलला यायचं हे मला पटेना, पण त्याने काहीतरी खटपट करून फाईलमधल्या सत्तावन्न ओळी बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे मी नमतं घेतलं आणि तीस दिवस फुकट म्हणाला तेवढ्यावर यादीची एक प्रत सिंगापूरला ठेवू दिली. मग मी माझा मुख्य प्रश्न विचारला. "हे किती वर्षं चालेल?"

"पाच वर्षं तरी आरामात."

"मला सत्तावन्न लागतात."

प्रीतम हसला. मी हसलो नाही, तेव्हा तो थांबला. "काका, सत्तावन्न वर्षांचं कोण सांगणार यार? सत्तावन्न वर्षांपूर्वी कॉम्प्युटर खोलीएवढा होता."

इथून माझा गोंधळ सुरू झाला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. मुलीने, निधीने, सांगितलं की बाबा, फुकट डेटाबेस असतात, एका फाईलमध्ये मावतात, तुमच्या मोबाइलच्या पोटातसुद्धा एक आहे. मोबाइलच्या पोटात माझ्या परवानगीशिवाय डेटाबेस आहे हे ऐकून मी दोन दिवस मोबाइल पालथा ठेवत होतो. मंडळाचा सेक्रेटरी नितेश म्हणाला, छे, एका फाईलचा कसला डेटाबेस, खरा डेटाबेस म्हणजे सर्व्हर, तोही फुकट मिळतो. मी विचारलं, फुकट कोण देतं? तर म्हणे जगभरातले लोक मिळून बनवतात आणि वाटतात. मी चाळीस वर्षं स्टोअरला काढली. सहीशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही. कोणीतरी बसून अख्खा डेटाबेस बनवतो आणि कोणाचीही सही न घेता वाटतो, हे माझ्या डोक्यात बसायला तयार नव्हतं. आणि वाटणाऱ्याने उद्या कंटाळून सोडून दिलं तर? काकींची पाळी कोणाच्या कंटाळ्यावर अवलंबून ठेवायची?

शेवटी निधीने मला इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या जागी नेऊन बसवलं. मी सभ्य इंग्रजीत प्रश्न लिहिला: माझ्याकडे सत्तावन्न नोंदी आहेत, वर्षाला एक नोंद वापरली जाते, तरी लहान कामासाठीचा कुठला फुकट डेटाबेस सन २०८३ पर्यंत चालू राहील? दुपारपर्यंत चाळीस उत्तरं आली. निम्म्या लोकांनी आपापसांत भांडण काढलं. एकाने लिहिलं, एका फाईलवालाच टिकेल. दुसऱ्याने लिहिलं, सगळेच जातील, साध्या मजकुराची फाईल ठेवा. पोलंडच्या एका गृहस्थांनी लिहिलं, दगडावर कोरा. या शेवटच्याशी मी मनातून सहमत होतो, पण सोसायटीत दगड आणायला परवानगी लागते.

एवढ्यात मंडळाची घटना आडवी आली. आमच्या घटनेप्रमाणे मंडळासाठी कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दरपत्रकं लागतात. मी म्हटलं, अरे, फुकट आहे! नितेश म्हणाला, "फुकट असलं तरी वस्तू आहे ना? नियम म्हणजे नियम." मग मी तीन फुकट डेटाबेसांची तीन दरपत्रकं स्वतःच्या हाताने तयार केली. तिन्हींवर शून्य. त्यांचा तुलनात्मक तक्ता केला. सर्वांत कमी दराचं निवडायचं असतं, तर तिन्ही सर्वांत कमी निघाले. कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस खल झाला आणि नितेशने सुचवलेलं शून्य मंजूर झालं.

नितेश शनिवारी सकाळी आला आणि माझ्या लॅपटॉपवर सर्व्हर बसवला. लॅपटॉपचा पंखा सुरू झाला तो थांबेना. प्रेमा आतून म्हणाली, "मिक्सर बंद करा." मग नितेशने यादी आत ओढली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "लवूकाका, तुमचा डेटा लय घाण आहे. एकच नाव चार-चार वेळा. मी क्लीन करून टाकलं."

घाण! मी स्टोअरचा माणूस. माझ्या रॅकवर कधी धूळ नव्हती. या अपमानात मी असा काही गुरफटलो की त्याने नक्की काय साफ केलं हे विचारायचंच राहिलं.

रविवारी सभा. आमच्या सभा कांदिवलीतल्या एका शाळेच्या वर्गात होतात. वर्ग तिसरीचा, त्यामुळे बाकं तिसरीची. पन्नाशी-साठीचे पुजारे गुडघे छातीशी घेऊन बसतात. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, यादी उघडली, घसा साफ केला आणि पाहिलं तर खाली लिहिलं होतं: एकूण घरं एकतीस.

आधी मला वाटलं चष्मा. मग वाचू लागलो. धोंडू लवू पुजारे, एक. लवू धोंडू पुजारे, एक, म्हणजे मी धरून चौघे मिळून एक. नितेशच्या यंत्राने सारख्या नावाची घरं म्हणजे एकच घर समजून सव्वीस घरं उडवली होती. आमच्या गावात सारखं नाव असणं ही चूक नाही, रीत आहे, हे जगभरातल्या त्या उदार लोकांपैकी कोणाला माहीत असणार? महादेव धोंडू पुजारे दोन होते, त्यातला एकच उरला होता, आणि उरलेला वरच्या आळीतला, अजून हयात असलेला. तो पहिल्या बाकावर बसून खूष दिसत होता.

"म्हणजे औंदा पालखी माझ्याकडे?" तो म्हणाला.

मागे काकी बसल्या होत्या. त्यांनी प्लास्टिकातली चिठ्ठी वर धरली; बाकीच्यांच्या चिठ्ठ्या केव्हाच हरवल्या होत्या. नितेश म्हणाला, "काकी, चिठ्ठीचं काय खरं नाय. सिस्टिममध्ये तुमचं घरच नाहीये."

वर्गात कल्लोळ झाला. गायब झालेले पंचवीस जण एकदम उभे राहिले, म्हणजे राहायला गेले, पण बाकं बरोबर आली. मी प्रीतमला फोन लावला की बाबा, सिंगापूरची सत्तावन्नची प्रत दे. तो म्हणाला, "काका, ती तीस दिवस फ्री नव्हती, सातच दिवस होती. काल संपले." पेनड्राइव्ह नितेशने यादी आत ओढून झाल्यावर पुसला होता. जुना कॉम्प्युटर? घरी फोन केला. प्रेमा म्हणाली, सोसायटीत ई-कचरा न्यायला गाडी आली होती, तुम्हीच तर म्हणत होता अडगळ झालीय. कोणीतरी विचारलं, मूळ वही कुठे आहे? मी खाली बघितलं. "ह्याला शाल कोणी घातली होती?" असा एक आवाज आला. "परत घ्या!" असा दुसरा.

शालीचं मला काही वाटलं नाही, म्हणजे थोडं वाटलं. पण काकींनी चिठ्ठी खाली घेऊन परत पिशवीत ठेवली, ते मला बघवेना.

तेवढ्यात खिडकीशी बसलेली शकुआत्या, वय ऐंशीच्या पुढे, जोरात म्हणाली, "कित्या बोंबालतत रे? पाळी काय मशनीत असता? पाळी वाटेवर असता. देवळासून खाली उतरा आनी घरा मोजा!" तिच्या शेजारची रुक्मिणीआत्या म्हणाली, "तर काय! शकुच्या लग्नाच्या साली पालखी आमच्या माटवात. मगे चिंचेकडच्या घरात, मगे वयल्या खळ्यात."

मी कागद घेतला. दोघी सांगू लागल्या आणि काकी मधे मधे दुरुस्ती करू लागल्या. एकीही माणसाचं नाव घेत नव्हती. कोणाचं बाळंतपण, कोणाची म्हैस व्याली, कुठल्या साली विसाव्याला खीर करपली, यावरून त्या वर्ष ठरवत होत्या आणि घर सांगत होत्या. अर्ध्या तासात छप्पन घरं झाली. देवळापासून पायवाटेने उतरावं तशी, एकाला लागून एक.

"नव्वद आनी आठाच्या साली फणसाखालचा घर," शकुआत्या म्हणाली. "तेका लागून महादेवाचा."

"म्हणजे नव्याण्णवला महादेवकाकांचं?" मी विचारलं. "पण नव्याण्णवला तर पालखी अनंताकडे बसली."

"मगे तुमचो छापील कागद इलो ना मुंबयसून," रुक्मिणीआत्या म्हणाली. "पालखी धावली ती एकदम तळ्याकडे, अनंताच्या घराक. मगे अर्जुन. मगे आत्माराम. आमी म्हटला, मंडळान ठरवला आसतला."

अनंत, अर्जुन, आत्माराम. मी मनातल्या मनात इंग्रजी अक्षरं म्हटली. मग बाबी, मग भाऊराव, मग ते आठ धोंडू, मग चार लवू. मला १९९८ची ती दुपार आठवली. सगळी नावं घालून झाल्यावर यादी जरा विस्कळीत दिसत होती, म्हणून मी एक बटण दाबलं होतं. नावं ए, बी, सी, डीच्या क्रमाने ओळीत उभी राहिली होती आणि मी तिच्याकडे दहा मिनिटं कौतुकाने बघत बसलो होतो. सत्तावीस वर्षं आमचा देव इंग्रजी बाराखडीने गावभर फिरत होता. माझी खरी पाळी २०४१ला होती. २०२४ला मी माझ्या खळ्यात रडलो ते दुसऱ्याच्या मानावर.

हे मी सभेला सांगितलं. लपवता आलं असतं, कारण अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वरच्या आळीतला महादेव हळूच म्हणाला, "म्हणजे वाट अठ्ठ्याण्णवला जिथे तुटली तिथून मोजलं तरी पुढचं घर काकींचंच. आणि तुझ्या त्या ए-बी-सी-डीनेही त्यांचंच." दोन्ही याद्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा जुळल्या होत्या. ठराव झाला, सूचक तोच महादेव. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण तो वयाने लहान आहे.

शिमग्याला मी गावी गेलो. सोबत पिशवीत ती शाल घेतली होती. दुपारी पालखी फणसाखालून आली आणि काकींच्या सारवलेल्या खळ्यात बसली. काकींनी आतून एक पितळी समई आणली. जुनी होती, पण वात कधी लागलेली नव्हती, बुड अजून पिवळंधमक. नव्याण्णव सालासाठी काकांनी आणलेली. त्यांनीच कौलं बदलली होती, ओटा केला होता, आणि मग माझा कागद आला होता.

गर्दी कमी झाल्यावर मी शाल काढून काकींच्या खांद्यावर घातली. म्हटलं, "काकी, काकांच्या हयातीत झालं असतं. तुम्हाला ठाऊक होतं, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी बोलतलंय होतंय," काकी म्हणाल्या. "सभेतच. तेनी माझो हात धरल्यानी. यादी तेनी आधीच बघितली होती. म्हणाले, गप रव. लवू आमचो पयलो पोरगो कॉम्प्युटर शिकलेलो. तेच्या अंगार शाल घालूची आसा माका. त्याचा तोंड बघ कसा फुलला हा. पालखी काय, सावकाश येयत."

समई शांत जळत होती. काकींनी शाल नाकाशी नेली, नाक मुरडलं आणि ती काढून माझ्या हातात दिली. "घाल परत कपाटात. डांबरगोळयेचो वास येता. आनी रडतस कित्या? पालखीसमोर रडू नये. वही हाडलंस मा? लिव फुडली पाळी."

मी वही आणली होती. त्याच नोंदी निधीने एका फाईलवाल्या फुकट डेटाबेसातही घातल्या आहेत, आणि साध्या मजकुरातही, आणि तो किती वर्षं चालेल हे मला अजूनही कळलेलं नाही. मी पेन उघडलं.

"बावीकडचा घर," काकी विहिरीच्या दिशेने हात करून म्हणाल्या.

"नाव काय घालू? धोंडू की लवू?"

"नाव कित्याक व्हया? माणसा जातत-येतत. घर खय जातला?"

मी लिहिलं: २०२७, बावीकडचं घर.